संत्र्याला सॉफ्ट बॉडी, धुळीला पार्टिकल: गेम बनवताना निवड कशी करायची

नागपूरवर एक गेम करायचा आहे असं धरू. एका दृश्यात कळमना मार्केट: संत्र्यांचे ढीग, क्रेट, माल भरून निघालेला छोटा हत्ती. दुसऱ्यात तान्ह्या पोळ्याची मिरवणूक: गर्दी, डुलत चाललेला बडग्या (मिरवणुकीतला मोठा पुतळा), आणि शेवटी मारबतीचं, म्हणजे मिरवलेल्या स्त्री-पुतळ्याचं दहन, ज्वाळा, धूर, ठिणग्या. तिसऱ्यात मे महिन्यातला फुटाळ्याचा रस्ता आणि त्यावर गरगरत येणारी वावटळ. ही यादी फळ्यावर लिहिली की टीममध्ये पहिला वाद याच गोष्टीवर होतो: यातलं काय सॉफ्ट बॉडीने करायचं आणि काय पार्टिकल सिस्टीमने?

“जास्त खरं काय दिसेल?” असं विचारून हा वाद सुटत नाही. विचारायचं ते हे: या वस्तूतल्या एका बिंदूला शेजारच्या बिंदूची खबर ठेवावी लागते का? धुळीच्या कणाला लागत नाही. एक कण डावीकडे भरकटला म्हणून शेजारच्याचं काही अडत नाही. संत्र्याचं तसं नाही. सालीवरचा एक बिंदू आत दाबला की आजूबाजूचे बिंदू ओढले जातात, दुसरी बाजू थोडी फुगते आणि दाब काढला की सगळे आपापल्या जागी परत येतात. शेजाऱ्याशी बांधलेले बिंदू म्हणजे सॉफ्ट बॉडी, मोकळे बिंदू म्हणजे पार्टिकल. दोन्हींचा खर्च आणि दोन्हींत होणाऱ्या चुका या एका फरकातून निघतात.

पार्टिकल: मोकळे कण

पार्टिकल सिस्टीमची मांडणी ल्युकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ च्या शोधनिबंधात केली. आग, धूर, ढग यांना ठरावीक पृष्ठभाग नसतो, त्यामुळे त्यांचा मेश (त्रिकोणांची जाळी) बनवून भागत नाही, ही मूळ अडचण होती. त्यांचा उपाय आजही जवळपास तसाच वापरला जातो. एमिटर, म्हणजे कणांचा उगम, कण सोडतो. प्रत्येक कणाकडे जागा, वेग, वय, आयुष्य, आकार आणि रंग एवढंच असतं. दर फ्रेमला (स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला) वय वाढतं, वेगात गुरुत्व आणि वारा मिळवला जातो, वेगाप्रमाणे जागा बदलते, आयुष्य संपलं की कण काढून टाकला जातो. कोणताच कण दुसऱ्याकडे बघत नसल्यामुळे जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) हे काम हजारो कणांवर एकाच वेळी करू शकतो. चांगल्या डेस्कटॉप कार्डावर लाखो कण चालतात ते यामुळेच.

किती कण जिवंत राहतील हे आधीच काढता येतं: दर सेकंदाला सुटणारे कण गुणिले आयुष्य. वावटळीत सेकंदाला २०० कण सोडले आणि प्रत्येकाचं आयुष्य ८ सेकंद ठेवलं, तर १६०० कण जिवंत राहायला हवेत. युनिटी या गेम इंजिनाच्या नेहमीच्या पार्टिकल सिस्टीममध्ये कमाल मर्यादा मुळात १००० असते. पाच सेकंदांत ती भरते, मग जुने कण मरेपर्यंत नवीन सुटत नाहीत. वावटळ तीन सेकंद थांबते, पुन्हा सुटते, पुन्हा थांबते. स्क्रीनवर ती धापा टाकल्यासारखी दिसते आणि लोक वाऱ्याच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतात. आधी हा गुणाकार करून बघावा.

अशा आणखी दोन ठरलेल्या चुका आहेत. युनिटीत सिम्युलेशन स्पेस (कणांची जागा कशाच्या संदर्भाने मोजायची ते) मुळात लोकल, म्हणजे वस्तूला बांधलेली असते, त्यामुळे छोट्या हत्तीच्या सायलेन्सरमधून निघालेला धूर गाडीबरोबरच पुढे सरकतो. वर्ल्ड, म्हणजे जगाला बांधलेली केली की तो मागे राहतो. गोडो या दुसऱ्या इंजिनात जीपीयूपार्टिकल्स३डी हा कणांचा घटक वापरताना दृश्यमर्यादेचा चौकोनी डबा लहान राहिला, तर कॅमेरा थोडा वळताच डबा नजरेबाहेर जातो आणि अख्खी वावटळ एकदम गायब होते. डब्याचा आकार वावटळीच्या सगळ्यात मोठ्या पसाऱ्याएवढा हवा.

पण मोबाइलवर पार्टिकलचा खरा खर्च कण हलवण्यात होत नाही, रंगवण्यात होतो. याला ओव्हरड्रॉ म्हणतात. कण बहुधा पारदर्शक चौकोन असतात. एकावर एक दहा चौकोन आले, तर त्या जागेचा प्रत्येक पिक्सेल दहा वेळा रंगवावा लागतो, कारण पारदर्शक वस्तू मागचं झाकत नाहीत. मारबतीच्या धुरात कॅमेरा शिरला, स्क्रीन १०८० बाय २४०० आहे आणि धुराचे २० थर पडले, असं धरा. स्क्रीनवर सुमारे २६ लाख पिक्सेल आहेत, म्हणजे एका फ्रेमला जवळपास ५ कोटी १८ लाख वेळा रंगकाम. ६० फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाला तीनशे कोटींच्या वर. त्या वेळी कण मोजले तर ४० सुद्धा नसतील! म्हणून “कण फक्त चाळीस आहेत, गेम का अडकतोय?” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ते चाळीस केवढे मोठे आहेत यात असतं.

उपाय स्वस्त आहेत. पुष्कळ कणांऐवजी थोडे कण घ्यावेत आणि प्रत्येकावर धुराची चलचित्रपट्टी लावावी: १०२४ पिक्सेलच्या टेक्श्चरमध्ये (वस्तूवर चढवायच्या चित्रात) आठ बाय आठ, म्हणजे ६४ चित्रं, प्रत्येक १२८ पिक्सेलचं. गोल धूर चौकोनात बसवला की चौकोनाचा सुमारे २१ टक्के भाग कोपऱ्यांत रिकामा जातो आणि त्याचंही रंगकाम होतं. चौकोनाऐवजी अष्टकोन वापरला तर १७ टक्के क्षेत्र वाचतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेला कण विरून टाकावा, कारण एकटा तोच सगळी स्क्रीन व्यापतो. ठिणग्यांना बेरजेचं ब्लेंडिंग द्यावं (रंग मागच्या रंगात नुसता मिळवायचा), म्हणजे मागचा-पुढचा क्रम लावावा लागत नाही. धुराला मात्र क्रम लागतो.

सॉफ्ट बॉडी: बांधलेले बिंदू

आता संत्रं. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये लवचीक वस्तूंचं भौतिकशास्त्र डेमेट्री टर्झोपोलस आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या निबंधापासून रुळलं. सगळ्यात सरळ पद्धत अशी: वस्तूचे बिंदू करा, प्रत्येकाला वजन द्या, शेजाऱ्यांना स्प्रिंगने जोडा. नुसत्या उभ्या-आडव्या स्प्रिंगा पुरत नाहीत. तेवढ्यावर ठोकळा कलंडून चपटा होतो आणि एकही स्प्रिंग ताणली जात नाही. म्हणून प्रत्येक पृष्ठाचे कर्ण आणि आतले आरपार कर्णही बांधावे लागतात.

इथे आकडे फार लवकर फुगतात. आठ बाय आठ बाय आठ बिंदूंचा ठोकळा घेतला तर बिंदू ५१२ होतात आणि सगळ्या मिळून स्प्रिंगा ५०६८. चार बाय चार बाय चार घेतला तर बिंदू ६४ आणि स्प्रिंगा ४६८. बारीकपणा दुप्पट केला की काम दहा-अकरा पटीने वाढतं. म्हणून दिसणारा मेश आणि हलणारा सांगाडा वेगळे ठेवावेत. संत्र्याचा मेश हजार त्रिकोणांचा असू द्या, सिम्युलेशन ६४ बिंदूंच्या पिंजऱ्यावर चालवा आणि मेशचा प्रत्येक व्हर्टेक्स (त्रिकोणाचा कोपरा) पिंजऱ्याच्या ज्या घरात आहे, त्याच्या आठ कोपऱ्यांच्या हिश्श्याने हलवा. खेळणाऱ्याला फरक कळत नाही. दर फ्रेमला नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा) पुन्हा काढायला मात्र विसरू नका, नाहीतर संत्रं दबतं आणि त्यावरचा उजेड जुन्याच गोलाईचा राहतो.

मग येतो तो प्रसंग, जो स्प्रिंग लिहिणाऱ्या प्रत्येकाला भेटतो: गेम चालू केला की संत्र्याच्या चिंध्या होऊन स्क्रीनभर पसरतात. याचं कारण गणितात आहे. साध्या पद्धतीने पुढचं पाऊल (थोड्या वेळानंतर बिंदू कुठे असतील ते) काढताना स्प्रिंगच्या कडकपणाला मर्यादा असते: वजनाची चौपट भागिले पावलाच्या वेळेचा वर्ग. १५० ग्रॅमचं संत्रं ६४ बिंदूंत वाटलं तर एका बिंदूला साधारण २.३ ग्रॅम येतात. पाऊल सेकंदाच्या साठाव्या भागाचं असेल, तर मर्यादा सुमारे ३३ न्यूटन प्रति मीटर येते. म्हणजे अशी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला जेमतेम ३४ ग्रॅमचं वजन पुरे. त्यापेक्षा कडक केली की प्रत्येक पावलाला बिंदू आपली जागा ओलांडून आधीपेक्षा लांब जातो आणि काही फ्रेममध्ये सगळं फुटतं. आतल्या बिंदूला तर २६ स्प्रिंगा जोडलेल्या असतात, त्यामुळे खरी मर्यादा आणखी खाली असते. डॅम्पिंग (हालचाल शमवणारा विरोध) वाढवून हे झाकायचा मोह होतो, पण या पद्धतीत डॅम्पिंग अती झालं तर तेसुद्धा फोडतं.

पाऊल लहान करणं हा खरा उपाय. पावलाचे २० तुकडे केले की मर्यादा वर्गाच्या हिशोबाने ४०० पट वाढते, ३३ ची १३,००० च्या पुढे जाते.

दुसरी वाट आज जास्त वापरली जाते. मॅथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पोझिशन बेस्ड डायनॅमिक्समध्ये बळ काढतच नाहीत. दोन बिंदूंमधलं अंतर चुकलं असेल तर बिंदूच सरकवून ते दुरुस्त करतात आणि झालेल्या सरकण्यावरून वेग काढतात. हे सहसा फुटत नाही. पण त्यात एक खोच आहे: वस्तू किती कडक दिसेल हे दुरुस्तीच्या फेऱ्यांवर अवलंबून राहतं. कडकपणा ०.५ (दर फेरीला निम्मी चूक दुरुस्त) ठेवून पाच फेऱ्या मारल्या तर एकट्या बंधनातली, म्हणजे दोन बिंदूंमधल्या एका ठरलेल्या अंतरातली चूक ३ टक्के उरते, दहा मारल्या तर ०.१ टक्का. कुणीतरी परफॉर्मन्ससाठी फेऱ्या कमी केल्या की संत्र्याचा लगदा होतो. २०१६ साली आलेल्या एक्सपीबीडी या सुधारणेने ही गाठ सोडवली, त्यात नरमपणा स्वतंत्र आकडा म्हणून देता येतो. मग २०१९ मध्ये माइल्स मॅकलिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका पावलात २० फेऱ्या मारण्यापेक्षा पावलाचेच २० तुकडे करून प्रत्येकात एक फेरी मारणं जास्त अचूक असतं. टक्कर कुठे होतेय याचा शोध मात्र फ्रेमला एकदाच घ्यावा, प्रत्येक तुकड्यात घेतला तर सगळी बचत तिथेच जाते. आज नव्याने लिहायला बसलात तर इथूनच सुरुवात करा.

मेश आयात करताना होणारी एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. टेक्श्चर गुंडाळताना संत्र्यावर जिथे शिवण येते, तिथे एकाच जागी दोन व्हर्टेक्स असतात, कारण दोन्हींचे टेक्श्चरचे आकडे वेगळे असतात. त्रिकोणांच्या कडांवरून स्प्रिंगा बांधल्या तर या दोघांमध्ये एकही स्प्रिंग पडत नाही. संत्रं जमिनीवर पडतं आणि शिवणीवर उभं उकलतं. उपाय असा: एकाच जागेवरचे व्हर्टेक्स शोधून त्यांचा सिम्युलेशनमध्ये एकच बिंदू करायचा आणि कोणता व्हर्टेक्स कोणत्या बिंदूचा याची यादी वेगळी ठेवायची.

तयार सोयी इंजिनागणिक वेगळ्या आहेत. गोडोमध्ये सॉफ्टबॉडी३डी आहे, तो मेशच्या पृष्ठभागावर चालतो. त्यात दाबाचा आकडा मुळात शून्य असल्यामुळे चेंडू टाकला तर तो रिकाम्या पिशवीसारखा बसतो. दाब वाढवला की गोलाई येते. गोडो ४.४ पासून जोल्ट ही भौतिकशास्त्राची प्रणाली गोडोतच मिळते आणि सॉफ्ट बॉडीसाठी तेच निवडावं. युनिटीत कापडाचा घटक आहे, पण भरीव मऊ वस्तूसाठी स्वतःचं काही नाही. तिथे ओबीसारखं विकत घेतलेलं साधन लागतं किंवा स्वतः लिहावं लागतं. अनरियल या तिसऱ्या इंजिनात कणांसाठी नायगारा, कापडासाठी केऑस क्लॉथ आहे.

दोन्ही नको तेव्हा

मऊ दिसणाऱ्या बहुतेक गोष्टींना सॉफ्ट बॉडी लागतच नाही, आणि नवी टीम सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते. बडग्याचं पोट चालताना हलायला हवं. खेळणारा त्याला दाबणार आहे का? नाही. मग पोटात एक-दोन हाडं घाला, त्यांना स्प्रिंगची चाल द्या, काम झालं. खर्च नगण्य. बाजारातल्या दुकानांवरच्या ताडपत्र्या वाऱ्यावर हलतात, त्या व्हर्टेक्स शेडरमध्ये (जीपीयूवर व्हर्टेक्स हलवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) साइन लहरींनी हलवा. खेळणाऱ्याच्या अंगावर येऊन पडणारी एखादी ताडपत्री असेल, तर तेवढ्या एकीलाच कापडाचं सिम्युलेशन द्या.

संत्र्यांचा ढीगही सॉफ्ट बॉडी नाही. ती कडक गोल वस्तूंची रास आहे: गोल कोलायडर (टक्कर मोजण्याचा अदृश्य आकार), थोडं घर्षण, आणि स्थिर झाल्यावर झोपी जाऊ द्या, म्हणजे त्यांची गणना थांबू द्या. ढिगातलं आतलं, न दिसणारं प्रत्येक संत्रं काढून टाका आणि तिथे एक उतरता ठोकळा बसवा. फक्त वरचे दोन थर खरे ठेवा.

द्रव पदार्थ या दोन्हींच्या मधे येतात. पोह्यावर तर्री ओतायची असेल तर कण हवेत, पण शेजाऱ्याची खबर ठेवणारे. एसपीएच नावाची पद्धत हेच करते: प्रत्येक कण ठरावीक अंतरातले शेजारी शोधतो आणि घनता काढतो. मोबाइलवर हे परवडत नाही. वाटीत चढत जाणारा सपाट पृष्ठभाग, त्यावर तेलाच्या तवंगाचा शेडर आणि ओतणाऱ्या धारेसाठी एक लांबट मेश एवढ्यावर भागवावं.

दाबलेलं संत्रं फुटतं तेव्हा

छोट्या हत्तीच्या चाकाखाली संत्रं येतं, दबतं आणि फुटतं. इथे दोन्ही पद्धती एकामागोमाग लागतात आणि सांधा नीट बसवावा लागतो. पूर्ण ढिगातून फक्त चाकाजवळचं संत्रं कडक गोलातून ६४ बिंदूंच्या पिंजऱ्यात बदला. एका वेळी असे तीनपेक्षा जास्त नकोत. पिंजऱ्याचं घनफळ दर फ्रेमला मोजा. ते मूळच्या साधारण ६० टक्क्यांखाली गेलं की सॉफ्ट बॉडी बंद करा, त्या जागी चपट्या सालीचा तयार मेश ठेवा आणि ३०-४० रसाचे कण एकदम सोडा. कणांची दिशा चाकाच्या दाबाला आडवी हवी, आणि त्यात चाकाच्या वेगाचा थोडा भाग मिसळा. सगळीकडे सारखे उडवले तर तो फटाका वाटतो.

पहिलं संत्रं फुटताना गेम क्षणभर अडकतो आणि दुसऱ्यापासून नीट चालतो, असं झालं तर शेडर त्याच क्षणी तयार होतोय किंवा वस्तू त्याच क्षणी मेमरीत येतेय. दृश्य लोड होताना कॅमेऱ्यासमोर पडद्याआड एकदा हा इफेक्ट चालवून घ्या आणि सालीचे मेश आधीच बनवून राखीव ठेवा.

गुण, जीव किंवा हार-जीत पार्टिकलवर कधीच टांगू नका. जीपीयूवरचे कण कुठे आहेत हे सीपीयूला (मुख्य प्रोसेसरला) लगेच कळत नाही, विचारलं तर उत्तर काही फ्रेम उशिरा येतं. धुळीने खेळणाऱ्याला दिसेनासं व्हायचं असेल तर वावटळीभोवती एक साधा अदृश्य दंडगोल ठेवा आणि नियम त्याच्यावर चालवा. ऑनलाइन खेळातही तेच: दोन फोनवरचे सॉफ्ट बॉडीचे बिंदू हुबेहूब जुळत नाहीत, म्हणून “अमुक संत्रं अमुक जागी फुटलं” एवढाच निरोप पाठवावा.

तपासणी कशी करायची

६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. गेम अडकत असेल तर आधी दोषी कोण ते ठरवा. रेंडर रिझोल्यूशन निम्मं करून बघा. फ्रेमचा वेळ झपाट्याने उतरला तर पिक्सेलचा, म्हणजे बहुधा धुराचा दोष. काहीच फरक पडला नाही तर सीपीयूवरचं भौतिकशास्त्र बघा. भौतिकशास्त्राचं पाऊलच ठरलेल्या वेळेत संपत नसेल, तर इंजिन राहिलेली पावलं पुढच्या फ्रेममध्ये भरून काढतं, तो फ्रेम आणखी लांबतो आणि ओझं वाढत जातं. गोडो एका फ्रेममध्ये मुळात जास्तीत जास्त ८ पावलं टाकतो, त्यापुढे खेळाची चालच मंदावते.

आणि ही तपासणी एसीत बसून नव्या फोनवर करून भागत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी सीपीयू-जीपीयूचा वेग उतरवतो. पहिल्या मिनिटाला ६० फ्रेम देणारा गेम विसाव्या मिनिटाला तेवढे देत नाही. दोन-तीन वर्षं जुना, मधल्या किमतीचा फोन घ्या, मारबत दहनाचं दृश्य २० मिनिटं सलग चालवा आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटाचा फ्रेमवेळ लिहून ठेवा. शेवटी तो १६.६ च्या वर जात असेल तर आधी धुराचे थर आणि कणांचा आकार कमी करा, मग एका वेळी दबणारी संत्री तीनवरून एकावर आणा. सबस्टेपला, म्हणजे पावलाच्या तुकड्यांना हात सगळ्यात शेवटी लावा. साध्या स्प्रिंगा असतील तर ते २० चे ५ केल्यावर कडकपणाची मर्यादा १६ पटीने खाली येते, आणि जे संत्रं आतापर्यंत नीट दबत होतं तेच पुन्हा स्क्रीनभर पसरतं.